बुलिम्बेची फेररांग आणि मुगोयाच्या एकतीस सासवा

प्रति,
मा. अध्यक्षा,
केंद्रीय निवडणूक समिती, लोकबांधणी पक्ष,
मुख्य कार्यालय, कंपाला.

(समक्ष पोहोचवावे. जिल्हा कार्यालयामार्फत पाठवलेले नाही. परिच्छेद ८ व ९ बैठकीत वाचू नयेत.)

अर्जदार : झेफानिया बालिदावा, वय ५४, पक्षाचा गाव निबंधक, बुलिम्बे, किगान्दो पूर्व मतदारसंघ.

विषय : बुलिम्बे येथील २८ ऑगस्टची फेररांग रद्द करून पक्षाच्या दोन्ही गटांच्या नेत्यांनी विजयी उमेदवार श्रीमती नांगोबी यांच्यामागे एकत्र उभे राहण्याबाबत.

संदर्भ : (१) जिल्हाध्यक्ष मा. वाकाबी यांचा आदेश, दि. १९ ऑगस्ट २०२५. (२) जिल्हा सचिवांचे पत्र, दि. २० ऑगस्ट २०२५. दोन्हींत अर्जदारास परस्परविरुद्ध हुकूम आहेत.

महोदया,

१. अर्जदार बुलिम्बे गावात पक्षाचा निबंधक आहे. पक्षाची उमेदवारी ठरवताना गावातले सभासद आपापल्या उमेदवाराच्या फोटोमागे रांगेने उभे राहतात, त्या रांगा मोजून तक्ता भरणे एवढेच त्याचे काम. एरवी तो एकोणीस वर्षे किगान्दोच्या रेडिओला रोज दुपारी दोनच्या आत बातमी पाठवतो. वेळ, आकडा आणि नाव चुकू नये ही त्याची सवय आहे, आणि याही अर्जात ती त्याने सोडलेली नाही. हा अर्ज शुक्रवारी दुपारी घरात बसून लिहिला जात आहे. अर्जदाराची पत्नी मिरिया दारात भुईमुगाच्या शेंगा सोलत बसली आहे आणि फाटकाशी मोटरसायकल थांबली की ती खोकणार आहे. आतापर्यंत ती दोनदा खोकली. त्यामुळे काही ठिकाणी ओळ मध्येच तुटलेली दिसेल, त्याबद्दल क्षमा असावी.

२. दि. १४ ऑगस्ट, गुरुवार, सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी शाळेच्या मैदानावर दोन्ही उमेदवारांचे प्रतिनिधी फोटो घेऊन उभे राहिले. विद्यमान खासदार मा. किसांबिरा यांचा फोटो फणसाच्या झाडाखाली, सावलीत. मुख्याध्यापिका श्रीमती नांगोबी यांचा फोटो गोलपोस्टपाशी, उन्हात. दोहोंमध्ये पन्नास पावलांचे अंतर ठेवावे असा नियम आहे, ते अर्जदाराने स्वतः चालून मोजले. नांगोबींचा फोटो एका निवृत्त सुईणीने धरला होता. ऊन चढल्यावर तिने तो डोक्यावर घेतला. किसांबिरांचा फोटो मुगोया याने छातीशी धरला होता आणि त्याचे तोंड लोकांकडे होते. पुढचा सगळा घोळ या एका गोष्टीतून झाला.

३. मुगोया हा आमच्या भागात सर्वांना आवडणारा माणूस आहे. फुटबॉलच्या सामन्यांना पंच तोच, चर्चमध्ये ढोल वाजवणाराही तोच. त्याला तीन बायका आहेत आणि तिघीही बुलिम्बेच्याच लेकी. खासदारांच्या कार्यालयाने हिशेब केला की तीन घरांचा जावई पुढे उभा केला तर तिन्ही घरे त्याच्यामागे येतील. जावई मोजले, पण सासवा मोजायच्या राहिल्या. मुगोयाने आधीच सांगून पाहिले होते. त्याचे शब्द असे : "मी साहेबांना म्हटलं, मला मागं कुठंतरी ठेवा. तर म्हणतात कसे, तुझा चेहरा चालतो. अहो, चेहराच तर चालत नाही."

४. ओबुको म्हणजे काय हे आपणांस सांगायला नको. जावई आणि सासू यांनी एकमेकांना सामोरे जायचे नाही, बोलायचे ते भिंतीआडून, आणि चुकूनही हात लागता कामा नये. लागला तर दोघांनाही थरथर सुटते आणि ती जन्मभर जात नाही. शिवाय सासू म्हणजे बायकोची आई एकटीच नव्हे. तिच्या बहिणी, सवती, चुलत्यांच्या बायका, सगळ्या सासवाच. साडेदहाच्या सुमारास बायका मैदानात आल्या. फणसाखाली मुगोया दिसताच त्यांनी डोक्यावरचे फडके तोंडावर ओढले, पाठ फिरवली आणि पन्नास पावले चालून गोलपोस्टच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. एकामागून एक अशा एकतीस. मैदानभर हशा पिकला. त्यांचे नवरे फणसाखालीच उभे होते, तेही हसले. कोणीतरी ओरडले, "मुगोया, अजून एक लग्न कर रे, म्हणजे साहेबांना सावलीत एकट्यानंच बसता येईल." त्या दिवशी एकाही नवऱ्याने बायकोला बोल लावला नाही, हे अर्जदाराने पाहिले आहे. रीत पाळली म्हणून बाईला कोण बोलेल?

५. मोजणी अशी झाली : नांगोबी १४८, किसांबिरा १२१. एकतीस बायकांत अर्जदाराच्या स्वतःच्या सासूबाई याएरी लोगोसे याही होत्या. मुगोयाच्या दुसऱ्या बायकोची आई त्यांची धाकटी बहीण, म्हणून त्या त्याच्याही सासू. अर्जदार रांग मोजत त्यांच्यापर्यंत आला तेव्हा त्याने पाठ फिरवली आणि महिला आघाडीच्या प्रतिनिधीने पुढचे आकडे मोठ्याने म्हटले. तसे तक्त्यावर लिहिले आहे. दोन्ही प्रतिनिधींनी तक्त्यावर सह्या केल्या. मुगोयाने सही करताना हसून मान हलवली. संपूर्ण मतदारसंघाचा निकाल संध्याकाळी आला : नांगोबी ६,४१२, किसांबिरा ६,३९८. फरक चौदा मतांचा. म्हणजे बुलिम्बेच्या एकतीस बायका इकडच्या तिकडे केल्या तर खासदार अठ्ठेचाळीस मतांनी निवडून येतात. हे गणित अर्जदाराने त्याच संध्याकाळी केले होते. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते सर्वांनी केले.

अर्जदाराचा स्वतःचा कल लपवण्यात अर्थ नाही. त्याच्या घरात भिंतीवर किसांबिरांची दोन कॅलेंडरे आहेत. निबंधकाला रांगेत उभे राहता येत नाही म्हणून त्याचे मत मोजले गेले नाही, एवढेच. पण मोजलेले ते मोजलेले.

६. तेव्हापासून किगान्दोमध्ये एक पक्ष राहिलेला नाही. दि. १७ रोजी एका जुन्या कार्यकर्त्याच्या मातीला आपले सभासद दोन वेगळ्या मांडवांत बसले, रताळी दोन वेगळ्या पातेल्यांत शिजली, आणि श्रद्धांजलीची भाषणे दोनदा झाली. मयताच्या बायकोने दुसऱ्या भाषणाच्या वेळी विचारले, "हे अजून कोणाला पुरताहेत?" त्यानंतर पुढील दोन हुकूम आले.

जिल्हाध्यक्ष मा. वाकाबी यांचा हुकूम : एकतीस बायका केवळ मुगोयामुळे तिकडे गेल्या, मनाने त्या आपल्या नवऱ्यांसोबतच होत्या, सबब दि. २८ रोजी बुलिम्बेत पुन्हा रांग लावावी. या वेळी फोटो माणसाच्या हाती न देता खांबाला ठोकावेत, म्हणजे कोणाला कोणाचा आडपडदा राहणार नाही. निबंधकाने प्रत्येकाच्या खांद्यावर स्वतः हात ठेवून मोजावे, बदली माणूस चालणार नाही, हात न ठेवता मोजलेले मत बाद धरावे. त्या एकतीस बायकांच्या नावांची यादी दि. २५ पर्यंत जिल्हाध्यक्षांकडे द्यावी.

जिल्हा सचिवांचे पत्र : फेररांग बेकायदा आहे, ती लावू नये. त्याऐवजी निबंधकाने एकतीसपैकी दहा बायका दि. २६ रोजी रेडिओवर आणाव्यात आणि "आम्ही आमच्या मर्जीने नांगोबीताईंच्या मागे उभ्या राहिलो" असे नाव-गावासह बोलून घ्यावे. नावांची यादी सचिवांकडे द्यावी, जिल्हाध्यक्षांकडे नाही.

सदर यादी अर्जदाराने स्वतःच्या सवयीने केली होती. कोणी मागितली नव्हती. रांगेत कोण कोणाच्या मागे होते तेसुद्धा त्याने टिपून ठेवले होते. एकोणीस वर्षांत त्याला त्याच्या सवयीची लाज वाटली ती याच आठवड्यात.

७. दि. २० रोजी सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटांनी खासदारांची दोन माणसे मोटरसायकलवरून आली. अर्जदार चहा पीत होता. त्यांनी मिरियाला नीट नमस्कार केला, वाटीतल्या शेंगा खाल्ल्या, आणि त्यातला मोठा म्हणाला, "काका, तुमचा आवाज आम्ही शाळेत असल्यापासून ऐकतो. घरचा माणूस बोलतोय असं वाटतं." दुसरा म्हणाला, "अठ्ठावीस तारखेनंतरही ऐकू यावा, एवढंच आमचं म्हणणं आहे." जाताना त्यांनी फाटक हळूच लावून घेतले. दि. २१ रोजी दुपारी सव्वाचारला दुसऱ्या बाजूचे तिघे आले. तेही सभ्यपणे बोलले. "यादी ताईंच्या माणसांकडे द्या, काका. वाकाबींच्या हाती गेली तर त्या बायकांचं काही खरं नाही." मिरियाने विचारले, "आणि तुमच्या हाती आली तर?" त्यावर त्यांच्यातला एक म्हणाला, "तर काकांचं तरी काही बिघडणार नाही." त्यांनीही फाटक लावून घेतले. अर्जदाराला शिवीगाळ केलेली चालली असती. हे फाटक लावून घेणे त्याला सहन होत नाही.

भीतीचे खरे कारण मात्र याच्या आधीचे आहे. दि. १८, सोमवारी, विहिरीवर एकतीसपैकी एक बाई हसता हसता बोलून गेली, "देव मुगोयाला चौथी बायको देवो. दर निवडणुकीला उपयोगी पडेल माणूस." विहिरीवर आठ-दहा बायका होत्या. तिन्हीसांजेच्या आत ते वाक्य तिच्या नवऱ्यापर्यंत गेले. आज ती भावाच्या घरी आहे, डावा हात गळ्यात बांधलेला, आणि तिच्या स्वयंपाकघराचे गवती छप्पर जळाले आहे. नवरा म्हणतो, चुलीची ठिणगी उडाली. ही बातमी अर्जदाराने रेडिओला पाठवली नाही. दोन वाजून गेले आणि तो नुसता बसून राहिला. बाईचे नाव या अर्जातही नाही.

८. विहिरीवरच्या त्या वाक्याचा अर्थ अर्जदाराला तीन दिवस लागत नव्हता, किंवा लावायचा नव्हता. शेवटी आज सकाळी नऊ वाजता तो मिरियाला घेऊन सासूबाईंकडे गेला. रीतीप्रमाणे त्या आत, चटईच्या भिंतीपलीकडे बसल्या. अर्जदार बाहेर माचीवर बसला. मिरिया मध्ये दारात, दोन्हीकडचे बोलणे पोहोचवायला, जरी ते दोन्हीकडे स्पष्ट ऐकू येत होते.

अर्जदाराने विचारले की मुगोया नसता तर आपण कोणत्या रांगेत उभ्या राहिला असता.

आतून आवाज आला, "मिरिया, जावयांना विचार, त्यांच्या मैदानात फणसाखेरीज सावली कुठं होती?"

अर्जदाराने सांगितले की शाळेच्या व्हरांड्यात होती.

"मग जावयांना सांग, मुगोयाला नुसतं टाळायचं असतं तर मी व्हरांड्यात बसले असते. नाहीतर घरी येऊन वाल निवडले असते. पन्नास पावलं उन्हात चालून गोलपोस्टाशी कशाला उभी राहिले असते? रीत म्हणते, जावयाला पाठ कर. अमक्या बाईच्या मागं उभी राहा असं रीत कुठं म्हणते?"

मिरियाने हे सारे पुन्हा एकदा अर्जदाराला सांगितले. महोदया, हे दोन्ही उमेदवारांना, त्यांच्या वकिलांना, जिल्हाध्यक्षांना, सचिवांना आणि अर्जदाराला, एवढ्या शिकलेल्या माणसांपैकी एकालाही सुचले नव्हते. उघड रांगेत नवऱ्याच्या डोळ्यांदेखत बाई दुसऱ्या रांगेत कशी जाणार? त्या दिवशी तिला तसे जायला एक सभ्य कारण मिळाले. मुगोया फणसाखाली उभा राहिला आणि एकतीस बायकांना आयुष्यात पहिल्यांदा मनासारखे मत देता आले. नवऱ्यांनी हसून वाट करून दिली.

अर्जदाराने विचारले, सगळ्याच तशा होत्या का.

"सगळ्यांचं मला काय ठाऊक. काही असतील खरंच मुगोयाला लाजून आलेल्या. पण येताना वाटेत कोणी कोणाला विचारलं नाही, कुठं चाललीस म्हणून. आणि जावयांना सांग, त्यांनीही विचारू नये."

९. आता अडचण अशी आहे. जिल्हाध्यक्ष म्हणतात त्याप्रमाणे त्या बायका निव्वळ रीतीने तिकडे गेल्या असे मानले, तर बायका सुरक्षित राहतात, पण त्यांची मते जातात आणि फेररांग लागते. सचिव म्हणतात त्याप्रमाणे त्या मर्जीने गेल्या असे सिद्ध केले, तर मते राहतात, पण त्या संध्याकाळी प्रत्येकीला नवऱ्याच्या घरी जायचे आहे. खरे सांगावे तर बाईचा हात मोडतो, आणि खोटे सांगावे तर तिचे मत मोडते. फेररांगेत तर दोन्ही होईल, कारण खांबाला कोणी सासू नसते. पाठ फिरवायला कोणी जावई नसेल. एकतीस बायकांना नवऱ्यांच्या देखत फणस किंवा गोलपोस्ट यातले एक निवडावे लागेल. ज्या गोलपोस्टकडे जातील त्यांचे नाव गावाला कळेल. ज्या फणसाकडे येतील त्या घरी जाऊन घास कसा गिळतील हे अर्जदार लिहू शकत नाही.

अर्जदाराने दि. २० च्या भेटीनंतर राजीनामा लिहून ठेवला होता. आज सकाळी त्याने तेही बोलून दाखवले. सासूबाई म्हणाल्या, "जावयांना विचार, मग मोजणार कोण? वाकाबींचा माणूस?" आणि पुढे, "जावईच जर गुरुवारी मोजणार असतील तर मी सर्वांत पहिली जाऊन उभी राहीन. नांगोबीच्याच मागं. मला नवरा नाही. दीर आहे, तो ओरडेल, फार तर झोपडी मागेल. माझं नाव लिहायचं तर लिहा म्हणावं. बाकीच्यांचं एकही नाही."

अर्जदाराने मिरियाकडून आठवण करून दिली की नव्या हुकुमाप्रमाणे त्याला प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवावा लागेल.

"ठेवा म्हणावं. थरथर लागेल तर लागेल. या वयात मी तशीही थरथरतेच. त्यांचं मात्र लिहिण्याचं काम आहे."

हे शेवटचे वाक्य मिरियाने अर्जदाराला पुन्हा सांगितले नाही.

राजीनामा अर्जदाराने फाडला आहे. घरी आल्यावर यादीही त्याने चुलीत घातली, त्याच चुलीवर मिरियाने चहा केला. एकोणीस वर्षांत त्याने स्वतः टिपलेला हा पहिला कागद जाळला. यादी जळाली हे दोन्ही बाजूंना सांगून उपयोग नाही, कोणाचाही विश्वास बसणार नाही. त्यांना वाटणार की ती अर्जदाराच्या डोक्यात आहे. ती आहेच. पहिल्या बाईपासून एकतिसाव्यापर्यंत, क्रमाने. हीच त्याची भीती आहे, आणि आता ती आपल्यालाही कळली.

१०. सबब अर्जदाराची विनंती पुढीलप्रमाणे आहे.

फेररांगेचा आदेश तातडीने रद्द करावा. त्यासाठी कोणा बाईची साक्ष घेऊ नये. तक्त्यावर दोन्ही प्रतिनिधींच्या सह्या आहेत, तेवढे कारण पुरे समजावे. कोणत्या मनाने कोण उभे राहिले हे तपासण्याचा पक्षाच्या घटनेत कोठेही अधिकार नाही. अर्जदाराने घटना दोनदा वाचली आहे.

दि. २८ रोजी बुलिम्बेच्या मैदानावर रांग लागणारच असेल तर ती नेत्यांची लागावी. मा. किसांबिरा, मा. वाकाबी, जिल्हा सचिव आणि दोन्ही गटांचे तालुका पदाधिकारी यांनी स्वतः यावे आणि श्रीमती नांगोबी यांच्या फोटोमागे एका रांगेत, गावासमोर उभे राहावे. फोटो धरायला कॅथलिक मिशनचे फादर यांना बोलवावे. ते कोणाचेच जावई नाहीत. त्या दिवशी गावातील बायकांना मैदानावर बोलावू नये, कोणाला यायचे असेल तर तिने व्हरांड्यात बसावे.

मा. किसांबिरा यांनी त्या रांगेत उभे राहून एवढेच म्हणावे की मुगोयाला पुढे उभे करणे ही माझ्या कार्यालयाची चूक होती. लोक हसतील. हसू द्यावे. बुलिम्बे जोपर्यंत मुगोयाला आणि त्याच्या सासवांना हसत आहे तोपर्यंत त्या एकतीस घरांत कोणाला हात उगारायचे कारण मिळत नाही. खासदारांची जागा गेली तर त्यांना दुसरे पद मिळेल, पक्षात पदे पुष्कळ आहेत. बायकांना घर एकच असते.

नेते एकत्र आले नाहीत तर विरोधी पक्ष जागा जिंकेल, असे आपल्याला जिल्ह्यातून बरेच जण लिहीत असतील. तेही खरे असावे. अर्जदाराचे म्हणणे तेवढ्यापुरते नाही. नेते एका रांगेत उभे राहिले की बुलिम्बेतला प्रश्न तिथेच संपतो, कोण का उभी राहिली हे कोणी कोणाला विचारत नाही. ते दोन रांगांत राहिले तर रोज कोणीतरी विचारत राहणार, विहिरीवर, मातीला, चुलीपाशी, आणि एखादी पुन्हा हसून उत्तर देईल.

आपल्या कन्येच्या लग्नाच्या बोलणीची बातमी गेल्या वर्षी अर्जदारानेच रेडिओवर दिली होती. आपण त्या दिवशी जावयाच्या पाहुण्यांना पडद्याआडून उत्तरे दिलीत, असे त्याने त्यात म्हटले होते. त्यामुळे चटईपलीकडून बोलणे म्हणजे काय हे आपल्याला समजावून सांगण्याची गरज त्याला वाटत नाही.

गुरुवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांपर्यंत आपले उत्तर आले नाही तर अर्जदाराला मैदानावर जावे लागेल. त्या दिवशी रांगेत पहिली कोण असेल हे त्याला ठाऊक आहे. हात न ठेवता मोजले तर तिचे मत बाद होईल. तो हात ठेवील.

मिरिया आता खोकली. अर्ज इथे थांबवतो.

आपल्या उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून,

झेफानिया बालिदावा
गाव निबंधक, बुलिम्बे
दि. २२ ऑगस्ट २०२५, दुपारी ३ वाजून ५ मिनिटे

सोबत :
१. मोजणीच्या तक्त्याची प्रत, दोन्ही प्रतिनिधींच्या सह्यांसह.
२. जिल्हाध्यक्षांचा आदेश व जिल्हा सचिवांचे पत्र.
३. शाळेच्या मैदानाचा हाताने काढलेला नकाशा : फणस, गोलपोस्ट, मधली पन्नास पावले आणि व्हरांडा.
४. एकतीस नावांची यादी. जोडलेली नाही, जोडता येणार नाही.

प्रत : कोणासही नाही.

टीप : पक्षाच्या दफ्तरात अर्जदाराच्या सहीचा जो नमुना आहे त्याच्याशी वरील सही जुळणार नाही, अक्षरे थरथरलेली आहेत. सही अर्जदाराचीच आहे. सासूबाईंना त्याचा हात अद्याप लागलेला नाही.